कुंदा खायला जाऊया

एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी पडली की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो : "मॅडम, एवढ्याशा पोराला भूल द्यायची?" कुणाच्या टॉन्सिलच्या गाठी, कुणाच्या नाकामागची वाढलेली गाठ म्हणजे अडेनॉइड, कुणाच्या कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी. खानापूर, निपाणी, पलीकडून चंदगडहूनही माणसं उपचाराला बेळगावात येतात, आणि त्यातली काही डॉक्टरांकडून उठून माझ्यासमोर, म्हणजे समुपदेशक बाईसमोर, येऊन बसतात.

दर वेळी मला खानापूर भागातली एक आई आठवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा सात वर्षांचा. तोंड कायम उघडं. घोरणं सोप्यापर्यंत ऐकू जायचं, मध्येच श्वास अडायचा आणि दचकून धाप टाकत पोरगं कूस बदलायचं. वर्गात पेंगायचा. बाईंनी वहीत लिहिलं होतं, 'लक्ष नाही.' टॉन्सिल आणि अडेनॉइड दोन्ही काढायचं ठरलं. तारीख दोनदा मिळाली, दोनदा मोडली. पहिल्यांदा सर्दी होती, ते कारण खरंच होतं. सर्दी-तापात भूलतज्ज्ञ स्वतःच ऑपरेशन पुढे ढकलतात. दुसऱ्यांदा म्हणे पाहुणे आले. मग डॉक्टरांनी तिला माझ्याकडे धाडलं.

पहिल्या भेटीत तिनं प्रश्नांची माळच ओढली. गाठी काढल्यावर ताकद जाते ना? मी सांगितलं, रोगाशी झुंजणाऱ्या अशा गाठी शरीरात इतरही पुष्कळ आहेत, ह्या गेल्या म्हणून मूल दुबळं होत नाही. आवाज जाईल? स्वरयंत्र खाली, गाठी वर. आवाजातला गेंगाणेपणा उलट कमी होतो, थोडे दिवस वेगळा वाटला तर घाबरू नका. वाढत्या वयात आपोआप जात नाहीत? अडेनॉइड बरेचदा लहान होत जातं, म्हणून तर डॉक्टर प्रत्येकाला कापत सुटत नाहीत. नुसता घसा धरत असेल तर वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं सलग पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा, असा हिशेब साधारण बघतात. पण झोपेत श्वास अडत असेल तर तो हिशेब लागू नाही. भूल? ऑपरेशन साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं, तोंडातूनच करतात, बाहेर टाका नाही. भूलतज्ज्ञ सगळा वेळ उशाशी असतो, श्वास, नाडी, रक्तातला ऑक्सिजन बघत. धोका शून्य नाही, पण निरोगी मुलात फार कमी.

ती मान डोलावत गेली. मी खूश. तिसरी तारीखही मोडली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं : उत्तरं बरोबर होती, प्रश्नच तिचे नव्हते. ते शेजारणींचे होते.

पुढच्या भेटीत मी वेगळंच विचारलं. "पोराला काय सांगितलंय?"

"काय नाही. सांगून उगाच भिईल की. बेळगावला कुंदा खायला जाऊया म्हणून आणणार."

"हे कुठं सुचलं तुम्हाला?"

ती थांबली. तिचा हात पदराखालून उजव्या कानामागे गेला. मी काहीच बोलले नाही. (गप्प बसणं ही माझी सगळ्यात कष्टानं शिकलेली गोष्ट. त्याचा थोडा अभिमानही आहे.)

"मला अंबाबाईला जाऊया म्हणून नेलंतं," ती म्हणाली. "कान वाहायचा माझा. नऊ वर्षांची होते. नवा झगा घातला. कोल्हापुरात उतरलो आणि सरळ दवाखान्यात. जागी झाले तर डोक्याला ही मोठी पट्टी. मला वाटलं, डोकंच कापलं. कुणी काय सांगेना. आप्पा खाली बघून बसलेले." मग बऱ्याच वेळानं, "देवीला गेलोच नाही, मॅडम."

कान त्या ऑपरेशननं बरा झाला होता. तरीही आजतागायत कुणी 'चल, जाऊन येऊया' म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. भुलीची भीती म्हणून ती जे सांगत होती, ती मुळात फसवलं गेल्याची भीती होती. आणि तेच ती आता पोराला करायला निघाली होती, मायेनंच. मी अख्ख्या घराचा विचार करून समुपदेशन करणारी बाई; समोर एकजण बसला तरी त्याच्या मागे आजी-आजोबांपर्यंतची रांग मला दिसते. त्या दिवशी ती तिलाही दिसली. "म्हणजे मी आप्पाच झाले की," म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

मग आम्ही पोराला काय सांगायचं त्याची चक्क तालीम केली. सात वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस आधी सांगावं. तीन-चार वर्षांच्याला आदल्या एक-दोन दिवसांत पुरे, नाहीतर ते दिवस मोजत कुढतं. वाक्यं साधी : घशातल्या गाठींमुळं तुला झोप लागत नाही. डॉक्टर औषधानं झोपवतील, तेव्हा काय कळणार नाही. उठल्यावर घसा दुखेल, त्याला औषध आहे. तू उठशील तेव्हा मी असेन. हे शेवटचं वाक्य आधी दवाखान्यात विचारूनच द्यायचं. तिथं आईला आत घेत नसतील तर ते खोटं ठरतं. 'दुखणारच नाही' तर कधीच म्हणू नये.

पोरानं एकच विचारलं : "माझ्या गाठी डॉक्टर घरी नेणार काय?" तिला उत्तर आलं नाही. तिनं तसंच सांगितलं, "मला माहीत नाही, आपण विचारूया."

नंतरच्या दहा दिवसांचंही आधीच बोललेलं बरं. ऑपरेशनच्या जागी पांढरा थर धरतो. तो पू नव्हे, खपली आहे. तोंडाला वास येतो. कान दुखतो, कारण घशाची आणि कानाची नस एकच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं आणि घरचे 'ऑपरेशन बिघडलं' म्हणून हवालदिल होतात. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध वेळेवर द्यायचं, मूल रडण्याची वाट बघायची नाही. घरातलं मोठ्यांचं औषध मात्र देऊ नये. घोट घोट पाणी पाजत राहायचं, घसा कोरडा पडला की जास्त दुखतो. आणि लाल रक्त दिसलं, पहिल्या दिवशी असो की खपली सुटताना पाचव्या ते दहाव्या दिवशी, तर थेट दवाखाना गाठायचा. खानापूरच्या आतल्या गावातून मध्यरात्री बेळगाव गाठायचं तर गाडी कुणाची, हे आधी ठरलेलं हवं. ह्या मायलेकांनी दोन आठवडे बेळगावातच नणंदेकडे मुक्काम केला.

मोठ्यांचं काही वेगळं नसतं. नाकाचं हाड सरळ करायला निघालेले पन्नाशीतले गृहस्थ 'सुट्टी मिळत नाही' म्हणतात. खरी धास्ती असते ती ऑपरेशननंतर नाक बंद राहिलं तर जीव गुदमरेल ह्याची. त्यांना आदल्या दिवशी चिमटीत नाक धरून जेवून बघायला सांगते. अवघडल्यासारखं होतं, पण जमतं.

ती महिन्यानं आली, कुंद्याचा डबा घेऊन. ठरल्याप्रमाणे कुंदा नंतर मिळाला होता, आणि आधी काय होणार तेही पोराला ठाऊक होतं. म्हणाली, "आप्पांना विचारलं मी, का सांगितलं नाही म्हणून. म्हणाले, तू रडली असतीस तर मी तुला उचलून घरी आणलं असतं."

मला त्यावर काही सुचलं नाही. पोरगं दारात वाकून चपला घालत होतं. तोंड मिटलेलं होतं.