व्हीआर हेडसेट घेण्याइतका फरक पडतो का? तुम्ही खेळलेल्या गेम्सचा अनुभव सांगाल का?

तुम्ही विचारलंय की खोली दहा बाय बाराची आहे, लॅपटॉप बऱ्यापैकी आहे, कॉलेजपासून गेम खेळताय, तर आता व्हीआर म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जगात नेणाऱ्या हेडसेटवर पैसे घालावेत का. माझी डोंबिवलीतली खोली तुमच्यापेक्षा फूटभर लहानच आहे आणि हेडसेट वापरून चारेक वर्षं झाली, म्हणून लिहायला घेतलं.

माझं वय बेचाळीस. शाळेत कॉम्प्युटरचे सर चहाला गेले की आम्ही 'डेंजरस डेव्ह' लावायचो. पुढे सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून 'आयजीआय' आणि 'व्हाइस सिटी'. तेव्हापासून खेळणं कधी सुटलं नाही, लग्नानंतर फक्त वेळ बदलली. २०२१ च्या डिसेंबरात न्यू जर्सीचा मावसभाऊ सुट्टीवर आला आणि येताना क्वेस्ट २ नावाचा हेडसेट घेऊन आला.

पहिल्या संध्याकाळी त्याने 'रिचीज प्लँक एक्स्पिरियन्स' लावला. लिफ्टने वर जायचं, दार उघडलं की समोर उंच इमारतीच्या बाहेर काढलेली लाकडी फळी, खाली शहर. त्या फळीवरून चालायचं, बस. भावाने आगाऊपणा करून आमचा जेवणाचा जुना पाट जमिनीवर नेमका त्या फळीच्या जागी ठेवला. आणि पहिला नंबर लावला माझ्या आईचा.

आई हॉलच्या लादीवर अनवाणी उभी. चष्मा काढून माझ्याकडे दिलेला, एका हाताने माझं मनगट घट्ट धरलेलं. मी म्हटलं, "आई, आपण घरातच आहोत, बाजूला टीव्ही आहे." ती म्हणाली, "माहितीये रे मला. पण पाय ऐकत नाही." मग नदीत उतरताना दगड चाचपावा तसा तिने अंगठा पुढे सरकवला. तो पाटाच्या कडेला लागला आणि खरंच लाकूड लागलं म्हटल्यावर ती जी किंचाळली, की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून विचारायला आल्या.

ते "पाय ऐकत नाही" माझ्या डोक्यात बसलंय. व्हीआरबद्दल मला जे सांगायचंय ते जवळपास सगळं त्यात आलं. 'व्हाइस सिटी'मध्ये मी गच्चीवरून किती वेळा उडी मारली असेल, हिशेब नाही. हातातला वडापावसुद्धा खाली ठेवला नव्हता. इथे मला पूर्ण ठाऊक होतं की समोर शोकेस आहे, तरी फळीच्या टोकाला तळपायांना घाम फुटला.

पण ही जादू एका गेमवर फार टिकत नाही. फळीवर मी त्यानंतर दोनदा गेलो असेन, तेही पाहुणे आले म्हणून. असे बरेच गेम आहेत. पाच मिनिटं तोंडाचा आ होतो आणि मग करण्यासारखं काही उरत नाही. हेडसेट घेतलेल्या कितीतरी जणांचा उत्साह महिन्याभरात मावळतो तो इथेच.

माझ्याकडे टिकला पहिला 'बीट सेबर'. प्रागच्या एका छोट्या चमूने २०१८ मध्ये काढला. गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतात, डाव्या हातात लाल तलवार, उजव्यात निळी, ठोकळ्यावरचा बाण दाखवेल त्या दिशेने कापायचं. वाचायला पोरकट वाटेल. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी डोकं बाजूला होतं आणि हात आपले आपण जायला लागतात. लेझीम शिकताना आठवतंय का, आधी मोजत बसतो आणि मग मोजणं बंद पडतं, तसं. अर्ध्या तासात बनियन पिळून काढायची वेळ येते. दोन वर्षं मी जिमऐवजी हेच केलं. वजन काही उतरलं नाही, आखडलेला खांदा मात्र मोकळा झाला.

'सुपरहॉट व्हीआर' वेगळ्याच डोक्याचा आहे. तुम्ही हललात तरच त्यातला काळ पुढे सरकतो, थांबलात की सगळं थांबतं. गोळी नाकासमोर वीतभर अंतरावर लटकलेली असते आणि तुम्ही मान सावकाश बाजूला घेऊन तिला जाऊ देता. समोरच्याच्या हातून उडालेलं पिस्तूल हवेतच पकडून त्याच्यावर रोखता. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दिसतो तो हाफ पँटमधला बेचाळिशीचा माणूस, एक गुडघा वाकवून, हात लांब करून, पुतळ्यासारखा उभा. बायकोने काढलेला तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर अजून फिरतो.

आता मळमळ. प्रश्नात तुम्ही ती विचारली नाहीत, पण विचारायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी फुशारकीने कुठलंतरी फुकटचं रोलर कोस्टर लावलं आणि तीन मिनिटांत मोरीत धावलो. डोळे सांगतात आपण वळणावर भरधाव चाललोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते छे, आपण तर खुर्चीत बसलोय. या भांडणात पोट मरतं. घाटात गाडी लागते त्याची ही उलटी बाजू, तिथे शरीर हलत असतं आणि डोळे मोबाइलवर स्थिर. म्हणूनच ज्या गेममध्ये तुम्ही स्वतःच्या पायांवर उभे राहून फक्त हात चालवता ('बीट सेबर', टेबल टेनिस) त्यांत सहसा त्रास होत नाही, आणि जिथे हातातल्या कंट्रोलरवरची काठी (जॉयस्टिक) ढकलून चालायचं असतं तिथे होतो. सेटिंगमध्ये जिथे बोट दाखवू तिथे एकदम पोहोचण्याची सोय असेल तर सुरुवातीला तीच घ्या. मळमळायला लागलं की "एवढा लेव्हल संपवतो" म्हणू नका, लगेच काढा. पंखा तोंडावर घेतला की बरं वाटतं. शिवाय वारा कुठून येतोय त्यावरून खोलीत आपलं तोंड कुठे आहे तेही कळत राहतं.

आता 'हाफ-लाइफ: अलिक्स', ज्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहितोय. आला २३ मार्च २०२० ला, म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊन जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. मालिकेतला आधीचा भाग २००७ चा, तेरा वर्षं लोक वाट बघत होते आणि शेवटी आला तो फक्त हेडसेटवाल्यांसाठी. मी खेळलो बावीस साली, हेडसेट केबलने लॅपटॉपला जोडून.

सुरुवातीलाच एका खोलीत काचा आहेत आणि बाजूला मार्कर पडलेत. गेम काही सांगत नाही. मी मार्कर उचलला, काचेवर टेकवला, तो उमटला. पहिली पाच मिनिटं मी काय केलं असेल? काचेवर देवनागरीत स्वतःचं नाव लिहिलं. शहर परग्रहावरच्यांच्या ताब्यात आहे, माणसं धोक्यात आहेत आणि हे महाशय वेलांटी नीट येत नाही म्हणून पुसून परत लिहितायत.

त्यातली बंदूक भरायची कशी ते ऐका. कीबोर्डवर 'आर' दाबला की झालं, ही आपली पंचवीस वर्षांची सवय. इथे बटण दाबून रिकामं मॅगझिन खाली टाकायचं, हात खांद्यावरून मागे नेऊन पाठीवरच्या पिशवीतून नवीन काढायचं, खालून बसवायचं, मग वरचा खटका मागे ओढायचा. उजेडात, शांतपणे, दोन सेकंदांचं काम. पण अंधारात हेडक्रॅब (डोक्यावर झडप घालणारा खेकड्यासारखा प्राणी) अंगावर झेपावला की मॅगझिन हातातून पडतं, दुसरं घेताना पहिलं पायाने शोधावंसं वाटतं, आणि खटका ओढायचा राहून गेलाय हे चाप दाबल्यावर कळतं. 'आयजीआय'मध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करता यायचं नाही, मेलो की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे तिथेही छाती धडधडायची. पण ती केलेली मेहनत वाया जाणार म्हणून. इथे धडधड बोटांमध्ये उतरते.

आणि जेफ. दारूच्या भट्टीसारख्या जुन्या कारखान्यात हा एक प्राणी फिरतो. आंधळा आहे, आवाजावर येतो. गोळ्यांनी मरत नाही. जागोजागी बाटल्या ठेवलेल्या, कपाट उघडलं की एखादी घरंगळणार, ती खाली पडायच्या आत झेलायची. त्यात हवेत बुरशीसारखी धूळ, तिने खोकला येतो आणि खोकलात की तो आला. साधा उपाय म्हणजे स्वतःचा हात उचलून स्वतःच्या तोंडावर धरायचा. म्हणजे एक हात तोंडावर, आणि दार उघडायला किंवा बाटली झेलायला उरतो एकच हात, असं चालतं. एकदा तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. गेमला माझा श्वास ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. त्या रात्री साडेबाराला हेडसेट काढला तरी डावा हात तोंडापाशीच होता, आणि स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली काढताना फ्रिजचं दार मी नको इतक्या हळू उघडलं.

या तोडीचा दुसरा व्हीआर गेम मला मिळालेला नाही. 'रेसिडेंट ईव्हिल ४' चांगला आहे, पण २००५ चा जुना गेम नव्या अंगाने घडवलाय हे कळत राहतं. 'मॉस'मधली क्विल नावाची उंदरीण गोड, लहान मुलांना जरूर दाखवा. 'फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये हेडसेटची सोय २०२० च्या डिसेंबरात आली. कॉकपिटमध्ये मान वळवून पंख बघणं आणि उतरताना जमीन किती खाली आहे ते डोळ्यांना कळणं, हे स्क्रीनवर कधीच होत नाही. पण माझा लॅपटॉप तिथे धापा टाकतो. शिवाय त्यातल्या बहुतेक इमारती उपग्रहाच्या चित्रांवरून आणि नकाशांवरून आपोआप उभ्या केलेल्या आहेत. सुरुवातीला मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत २१२ मजल्यांचा मनोरा उगवला होता, कारण नकाशात कुणीतरी २ ऐवजी २१२ टाइप केलं होतं! मोकळ्या वेळात सह्याद्रीवरून फिरायला मी आता हा साध्या मॉनिटरवरच लावतो.

मग कॉम्प्युटर गेम्स सुटले का? अजिबात नाही. लांबलचक गोष्ट, शांतपणे रमणं हे सगळं अजून खुर्चीतच होतं. 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये मी दोन महिने घोड्यावर होतो. अर्धा किलोचं यंत्र चेहऱ्याला बांधून दोन महिने कोण राहील? 'आउटर वाइल्ड्स'मध्ये बावीस मिनिटांचं एक चक्र आहे, त्यात हातात काहीच साठत नाही, साठतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. त्यासाठी मी शेजारी वही घेऊन बसायचो, आणि हेडसेट घालून वही दिसत नाही. 'स्टारड्यू व्हॅली'त बायको शेती करते. एकट्या माणसाने वर्षानुवर्षं बसून केलेला गेम आहे तो. तिची फुलकोबी बारा दिवसांत तयार होते हे ऐकून गावाकडचे सासरे म्हणाले, बियाणं कुठलं ते विचार.

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) नक्की खेळा. मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते आणि तिची कथा देव सांगतात. हवेल्या, झरोके, मधली छायाबाहुल्यांची दृश्यं अप्रतिम. मारामारी थोड्या वेळाने तीच ती वाटते आणि गेम लवकर संपतो. तरी जिन्यांच्या त्या दगडी कोरीवकामात मी उगाच रेंगाळलो. या एका गेमसाठी मला वाटलं होतं की हेडसेटवर असता तर मान वर करून छत बघितलं असतं.

आज माझा हेडसेट सर्वांत जास्त चालतो तो ज्यासाठी घेतला नव्हता त्यासाठी. 'इलेव्हन टेबल टेनिस' आणि 'वॉकअबाउट मिनी गोल्फ'. रविवारी सकाळी साडेसातला मी, आणि न्यू जर्सीत शनिवारची रात्र झालेला भाऊ. व्हिडिओ कॉलवर आम्ही पाच मिनिटांत "बाकी काय" वर यायचो. गोल्फमध्ये तास निघून जातो, कारण हाताला काम असतं आणि बोलणं आपोआप होतं. टेबल टेनिसमधला चेंडू इतका खरा फिरतो की एक गेम हरल्यावर मी दम खायला टेबलावर हात टेकला. टेबल नव्हतंच. कोपर अजून थंडीत दुखतं.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच. मोकळी जागा साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट लागते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत पलंग भिंतीला लावून टीपॉय बाहेर काढला तर जमेल. 'अलिक्स'साठी लॅपटॉपला किमान जीटीएक्स १०६० च्या तोडीचं सहा जीबीचं ग्राफिक कार्ड आणि बारा जीबी रॅम हवी; ते नसेल तर फक्त हेडसेटवर चालणारे गेम गृहीत धरा. चष्मा असेल तर मापाच्या लेन्स बसवून मिळतात, काचेला काच घासू देऊ नका. आधी मॉलमधल्या गेम झोनमध्ये वीस मिनिटं घालून बघा, पोट काय म्हणतं ते तिथेच कळेल. आणि कुणाकडून जुना मिळत असेल तर तोच घ्या.

आणखी एक. हेडसेट जमिनीवर हद्द आखून देतो, भिंत जवळ आली की जाळी दाखवतो, पण डोक्यावर काय आहे ते त्याला कळत नाही. माझी उंची पाच फूट नऊ इंच, 'बीट सेबर'मध्ये वरचा ठोकळा कापताना कंट्रोलर ट्यूबलाइटला लागला आणि काचा वेचायला रात्रीचा एक वाजला. पंखा त्याच्यापासून दीड फुटावर होता. हात वर करून, टाचा उचलून आधी मोजून घ्या.