चाक दोघांच्याही हाती हवं

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नुकतेच निवृत्त झालो. वापरलेलं मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जायचं, असं ह्यांच्या मनात आहे. ‘गाडी मी बघतो, आतलं घर तू बघ,’ असं ह्यांचं म्हणणं. मला मोटार चालवता येते, पण एवढं धूड नाही. ह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. जावंसं वाटतं आणि धास्तीही वाटते. काय करू?

उत्तर : ताई, जरूर जा. फक्त ती वाटणी घेऊन निघू नका. आम्ही दोघं निवृत्तीनंतर अशाच गाडीतून खूप फिरलो. त्यावरून ठामपणे सांगते, मोटारहोममध्ये गाडी आणि घर वेगळं काढताच येत नाही.

पाण्याचंच बघा. टाकी भरणं हे घरकाम वाटतं. पण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन. ते भरलेलं असलं की ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते. आता फ्रीज. बऱ्याच जुन्या मोटारहोममध्ये गॅसवरही चालणारा फ्रीज असतो. त्यातला अमोनिया गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर फिरतो, त्यामुळे गाडी तिरकी उभी राहिली की तो नीट थंड करत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं आणि एकदा गोठलं की टाकूनच द्यावं लागतं. मग गाडी सपाट जागी लावणं हे काम कुणाचं? दोघांचंही. फ्रीजमध्ये एक छोटा तापमापक ठेवा.

तुम्ही गाडी शिकायलाच हवी, आणि त्याचं मोठं कारण तुमच्या ह्यांचा मधुमेह आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने चाकावर बसण्याआधी साखर तपासावी, पुढे दर २ तासांनी पुन्हा तपासावी. साखर उतरली तर गोड खाऊन ती जागेवर आल्यावरही मेंदू पुरता ताळ्यावर यायला पाऊण तास लागू शकतो. तेवढा वेळ ह्यांनी गाडी चालवायची नाही. गाडी अडचणीच्या जागी उभी असेल तर ती तिथून कोण हलवणार? निघण्याआधी ह्यांच्या डॉक्टरांशी ड्रायव्हिंगबद्दल मोकळेपणाने बोला, तुम्हीही सोबत जा.

शिकताना मोकळं मैदान गाठा. वळताना मागचा लांब भाग उलट्या बाजूला बाहेर झुकतो, ते आधी डोळ्यांनी बघून घ्या. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवू नका. तो तापून निकामी होतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजून चाकासमोर चिकटवा, पुलाखाली शिरताना ती आठवत बसायला वेळ नसतो. रिव्हर्स घेताना मागे उभ्या असलेल्याने आरशात दिसेल असंच उभं राहावं. तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची.

आणि ह्यांनी? ह्यांनी स्वयंपाक शिकावा, गॅसची मांडणी समजून घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म वेगळा बसवा आणि दोन्हींची मुदत तपासा. संडासाची टाकी दोघांनी आळीपाळीने रिकामी करावी. तिचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी थापतो. आधी ही टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे काम एकाच्याच माथी पडलं की कुरबुर सुरू होते, आणि एवढ्याशा जागेत कुरबुरीला बाहेर जायला दार नसतं.

रोज दुपारपर्यंत मुक्कामाला पोचा. सलग ४ तासांहून जास्त बसून राहिलं की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून मधे उतरून चाला.

गाडी बघायला दोघंही जा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी वयाने जातात, तेव्हा वरवरच्या नक्षीवर जाऊ नका. तुमचा परवाना किती वजनाच्या गाडीला चालतो, तेही आधी पाहा. आणि तुम्ही स्वतः चालवून बघा. पेडलपर्यंत तुमचा पाय नीट पोचत नसेल, आरसे दिसत नसतील, तर ह्यांना कितीही आवडली तरी ती गाडी घेऊ नका.