मिग-२१ चे स्वस्त किट घ्यावे का? जाड पॅनेल लाइनकडे किती लक्ष द्यावे?

तुम्हाला १९७१ च्या युद्धातल्या भारतीय मिग-२१ लढाऊ विमानाचे प्लास्टिक मॉडेल करायचे आहे, त्यासाठी १:७२ प्रमाणातले मिग-२१ बिस या नंतरच्या आवृत्तीचे स्वस्त किट तुमच्या नजरेत आहे आणि त्याच्या पॅनेल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या रेषा, जाड असल्याच्या तक्रारीमुळे तुमचे पाऊल अडले आहे. माझे स्पष्ट मत असे की, या कामासाठी ते किट घेऊच नका, आणि त्याचे कारण पॅनेल लाइन हे नाही. १९७१ मध्ये लढले ते मिग-२१ एफएल, म्हणजे बिसच्या आधीची आवृत्ती. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटहल्ला केला तो याच विमानांनी. बिस आपल्याकडे आले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. एफएलची पाठ सडपातळ, कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) पुढे कलून उघडणारी आणि पोटात तोफ नाही. बिसची पाठ जाड, कॅनॉपी उजवीकडे उघडणारी आणि तोफ पोटातच बसवलेली. हा फरक पुट्टी आणि पॉलिश पेपर यांनी मिटणारा नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझे वडील नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या) विमान कारखान्यात मिग-२१ च्या जुळणीवर होते. त्यांच्यासाठी मी एका जुन्या साच्याच्या, अगदी स्वस्त किटमधून एफएल केले होते. त्याच्या पॅनेल लाइन उठावाच्या होत्या. त्या मी घासून सपाट केल्या आणि जिथे खरोखर फट असते तिथेच, म्हणजे फ्लॅप, एलेरॉन आणि रडर या पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या कडांना, नव्याने कोरल्या. ते मॉडेल एका प्रदर्शनात ठेवले, तेव्हा परीक्षकांनी ‘तपशिलांचा अभाव’ असा शेरा मारून ते बाजूला केले आणि पहिले बक्षीस एका महागड्या किटच्या बिसला दिले, ज्यावर १९७१ मधली घाईघाईने मारलेली कॅमफ्लाज रंगसंगती होती. वडील त्या बक्षीस मिळालेल्या बिसपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “एवढी फट राहिली असती, तर इन्स्पेक्शनने विमान हँगरबाहेर सोडले नसते.” त्यांचे म्हणणे हिशेबाने तंतोतंत खरे आहे. मॉडेलवरची ०.३ मिलिमीटरची खाच खऱ्या विमानावर २ सेंटिमीटरहून रुंद होते. घरी आल्यावर त्यांनी माझ्या मॉडेलच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि “पाठ बरोबर आहे,” एवढेच म्हटले. रिव्हेट मोजून किटची प्रत ठरवणाऱ्यांचे मत मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

म्हणून खोक्यातले भाग हाती आले की, आधी पट्टी आणि व्हर्निअर घ्या. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे, म्हणजे मॉडेलवर तो ९९ मिलिमीटरच्या आसपास भरला पाहिजे. एफएलच्या नाकातल्या हवेच्या तोंडाचा व्यास ८७० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर १२. तो १० च्या आत भरला, तर साचा आधीच्या एफ-१३ आवृत्तीचा आहे, हे समजावे. त्यानंतर त्या तोंडाची कड आणि पंखांची मागची कड पाहा. स्वस्त किटमध्ये या दोन्ही कडा हमखास जाड असतात, पण त्या आतून घासून पातळ करता येतात. फ्लॅश (कडेला आलेले जादा प्लास्टिक) ब्लेडने निघतो आणि सिंक मार्क (पृष्ठभागावरचे खळगे) पुट्टीने भरतात. एवढ्यासाठी कोणतेही किट नापास करू नये. नाकात शिसे भरायला मात्र विसरू नका, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसेल.

अर्थात, तुम्हाला पुढच्या काळातले बिसच करायचे असेल, तर हेच किट कदाचित उत्तम ठरेल आणि जाड लाइन प्रायमरच्या दोन-तीन हातांत बऱ्याच बुजतील. माझा आग्रह आकाराचा असला, तरी जाड किंवा धुरकट कॅनॉपीला फारसा इलाज नसतो, हेही मान्य केले पाहिजे; पॉलिश करून ती थोडी सुधारते, इतकेच. डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) पाहताना हवाई दलाचे केशरी, पांढरे आणि हिरवे वर्तुळ एकमेकांत नीट मध्यावर छापले आहे का, हे तपासा. ते सरकलेले असेल, तर वेगळी डिकल शीट घ्यावी लागेल आणि तिची किंमत धरूनच किट स्वस्त की महाग, हे ठरवा.