मूळ जीवाश्म कपाटात, प्रतिकृती ऑफिसात

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. यंदाच्या सीएसआर निधीतला (कंपनीनं समाजकामासाठी खर्च करायच्या पैशातला) काही भाग कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या जीवाश्म संग्रहाला द्यायचा विचार आहे. त्यातला एखादा मोठा जीवाश्म आमच्या स्वागतकक्षात ठेवायला मिळावा, असं संचालकांचं म्हणणं आहे. हे योग्य होईल का? आणि पैसा नेमका कशावर खर्च व्हावा?

उत्तर : पत्र वाचून फार आनंद झाला. आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं. संग्रहाची चौकशी करणारा कारखानदार क्वचितच भेटला.

मूळ जीवाश्म महाविद्यालयातच राहू द्या. १९९७ साली ‘स्यू’ हा टी. रेक्स डायनासोरचा सांगाडा लिलावात निघाला. शिकागोच्या फील्ड म्युझियमला तो ८३.६ लाख डॉलरना घेता आला, कारण मॅकडोनाल्ड्स आणि डिस्ने पाठीशी उभे राहिले. हाडं म्युझियमची झाली, डिस्नेला प्रतिकृती मिळाली. मॅकडोनाल्ड्सच्या नावाची प्रयोगशाळा झाली आणि हाडांवरचा दगड कोरून काढताना लोकांना काचेतून बघता येऊ लागलं. कवटीचं सीटी स्कॅन तर विमानं बनवणाऱ्या बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत झालं. पैशाइतकीच यंत्राचीही मदत होते ती अशी. तुमच्याकडे तर ओतकामाच्या साच्यासाठी पॅटर्न बनवणारे कसलेले हात आहेत! जीवाश्म थ्रीडी स्कॅन करून घ्या आणि त्यावरून प्रतिकृती तुमच्याच कारागिरांकडून करवा. मूळ नमुन्यावर थेट साचा मात्र घेऊ नका, नाजूक पृष्ठभाग त्याबरोबर निघून येतो.

आता पैशाचं. तो दर्शनी काचपेटीवर घालू नका, कपाटांवर आणि माणसावर घाला. आपल्या पायाखाली सगळा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक; त्यात जीवाश्म क्वचितच सापडतात. त्यामुळे इकडच्या संग्रहांत बहुतेक बाहेरून आणलेले नमुने असतात : कच्छचे अमोनाइट (नामशेष सागरी प्राण्यांचे गुंडाळीसारखे शंख), चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांतली ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं, छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानची दगड झालेली फळं. गाव, थर आणि तारीख सांगणारी चिठ्ठी हरवली की संशोधकाच्या लेखी नमुन्याची किंमत जवळजवळ संपते. आपल्या पावसाळ्यात त्या चिठ्ठ्यांना बुरशी लागते, शाई पसरते. ज्यात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) आहे तो नमुना दमट हवेत फुटतो, त्याची भुकटी होते. तेव्हा आधी ड्रॉवरची स्टीलची कपाटं आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र घ्या. मग भूशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला निदान तीन वर्षं नीट पगार द्या. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, फोटो, नोंद, एवढंच काम. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा खर्च हाच.

कंपनी कायदा २०१३ च्या सीएसआर यादीत शिक्षण आहे आणि कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्या असंही कलम १३५ सांगतं. पैसे संस्थेमार्फत जाणार असतील तर तिची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) आहे का, हे तुमच्या सीएंकडून तपासून घ्या.

करारात स्पष्ट लिहा : मालकी महाविद्यालयाची, बाहेरच्या संशोधकांनाही संग्रह खुला, निष्कर्ष छापायला कंपनीची परवानगी लागणार नाही. कपाटांवर तुमच्या फौंड्रीचं नाव जरूर घाला. स्वागतकक्षातल्या प्रतिकृतीखाली मूळ नमुन्याचा क्रमांक आणि महाविद्यालयाचं नाव लिहा, म्हणजे बघणाऱ्याला मूळ कुठं आहे ते कळेल.