एकसारखी दिसणारी चिनी ‘छिंग’ अक्षरे वेगळी कशी लक्षात ठेवावीत?

आपण लिहिले आहे की पानभर गिरवूनही आठवडाभरात ‘स्वच्छ’, ‘निरभ्र’ आणि ‘भावना’ या अर्थांची तिन्ही ‘छिंग’ एकमेकांत मिसळतात, आणि वर्गात विचारले तर ‘अक्षराचे चित्र डोळ्यांसमोर आणा’ एवढेच उत्तर मिळते. ही तक्रार मला फार ओळखीची आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नाही, आणि माझा अभ्यास मुख्यत्वे चीनमधील सोप्या केलेल्या लिपीचा आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. पिनयिन (म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत), उच्चाराचे चार सूर आणि रेघांचा साधारण क्रम आपल्याला येत असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

दोष आपल्या स्मरणशक्तीचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. सूर्य, झाड, डोंगर अशी मोजकी अक्षरे खरोखर चित्रांतून आली आणि माणसाशेजारी झाड काढून ‘विश्रांती’ सुचवणारीही काही आहेत. परंतु बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाचे क्षेत्र दाखवतो आणि दुसरा केवळ उच्चार. हे काही अलीकडचे संशोधन नव्हे. इ.स. १००च्या सुमारास चिनी विद्वान श्यू शेन यांनी ९,३५३ अक्षरे ५४० गटांत लावून कोश रचला, त्यातही हा प्रकार स्वतंत्रपणे सांगितलेला आहे.

आता आपली तीन अक्षरे पाहा. तिन्हींच्या उजवीकडे आठ रेघांचे एकच ‘छिंग’ आहे. त्याचा स्वतःचा अर्थ निळसर-हिरवा रंग. येथे मात्र ते प्रामुख्याने उच्चारासाठी आले आहे. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आले की स्वच्छ, सूर्य आला की निरभ्र, आणि हृदयाचे तीन रेघांचे उभे रूप आले की भावना. त्याच जागी बोलण्याची खूण ठेवली की ‘विनंती करणे’ होते, फक्त सूर तिसरा होतो. डोळा ठेवला की उच्चार ‘जिंग’ होतो आणि अर्थ बुबुळ. सूर्याच्या चार रेघा आणि डोळ्याच्या पाच, एवढ्याच फरकावर निरभ्र आकाश आणि बुबुळ वेगळे राहतात, तेव्हा ती जोडी शेजारी शेजारी लिहूनच पक्की करावी.

मी ज्या वर्गात शुल्क भरून शिकलो, तेथे हे कोणीही सांगितले नाही, आणि याचा राग अजून गेलेला नाही. ‘आई’ या अक्षरात स्त्री आणि घोडा आहेत, कारण आई घोड्यासारखी राबते, अशी गोष्ट तेथे रंगवून सांगितली जाई. घोडा तेथे आहे तो त्याचा उच्चार ‘मा’ आहे म्हणून. तोच घोडा तोंडाच्या खुणेसह प्रश्नार्थक ‘मा’ होतो, किड्याच्या खुणेसह मुंगीच्या शब्दात येतो, आणि दोन तोंडांखाली बसला की शिव्या देणे होतो. एका ओळीत सांगता येणाऱ्या या कुटुंबासाठी आम्हाला चार वेगवेगळ्या गोष्टी पाठ करायला लावल्या, आणि कारण विचारले तर ‘पुढच्या पातळीत कळेल’ असे उत्तर मिळाले. पुढच्या पातळीत आणखी गोष्टी होत्या. ‘छिंग’च्या तळाशी चंद्र दिसतो म्हणून चांदण्याचीही एक कथा होती, प्रत्यक्षात तो भाग मुळात चंद्र नव्हेच. पाय, चेहरा, पोट यांच्या डावीकडचा ‘चंद्र’ तर मांसाच्या खुणेचे झिजलेले रूप आहे, हे समजेपर्यंत आम्ही माणसाच्या पोटात चंद्र शोधत होतो.

अर्थात उच्चाराच्या भागावर डोळे झाकून विसंबू नये. दोन हजार वर्षांत उच्चार बदलले आहेत: ‘गोंग’ हा भाग एका अक्षरात ‘गोंग’च राहतो, लाल रंगाच्या अक्षरात ‘होंग’ होतो आणि नदीच्या अक्षरात ‘जियांग’. तरीही अंदाजाला आधार मिळतो, आणि कोरी पाटी घेऊन बसण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

लिहिण्याविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. पाहून शंभरदा गिरवणे जवळपास निरुपयोगी आहे. एकदा पाहावे, झाकावे, चौकटीच्या कागदावर आठवून लिहावे, आणि ते ‘स्वच्छ’ असे सुटे न लिहिता ‘छिंगचू’, म्हणजे ‘स्पष्ट’, अशा पूर्ण शब्दात लिहावे. रेघा मोजण्याचा आळस करू नये. देवनागरीची सवय असलेला हात तोंडाचा चौकोन चार रेघांत काढतो. त्या तीनच असतात, कारण वरचा उजवा कोपरा न उचलता वळतो. हे चुकले की छापील कोशात रेघांच्या संख्येवरून अक्षर सापडत नाही.

शेवटी एक अडचण, जिच्यावर उपाय पाठांतराचाच. लिपी सोपी करताना काही अक्षरांतला उच्चाराचा भाग काढून तेथे दोन रेघांची एक कामचलाऊ खूण बसवली गेली, जी ना अर्थ सांगते ना उच्चार. ‘हानज्झ’, म्हणजे चिनी अक्षरे, या शब्दातले ‘हान’ असेच आहे: पारंपरिक रूपात १४ रेघा, सोप्या रूपात पाच, आणि उजवीकडे तीच खूण. अशा अक्षरांचे वेगळे पान करावे आणि त्यांत तर्क शोधू नये.