फवारणीची डायरी आमची, रिपोर्ट मात्र त्यांचा

प्रश्न : आमची द्राक्ष उत्पादकांची कंपनी दिंडोरी तालुक्यात आहे. निर्यातदार फवारणीच्या सगळ्या नोंदी मागतो, पण रेसिड्यूच्या (फळात उरलेल्या औषधांच्या अंशांच्या) तपासणीचं ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढंच कळवतो. म्हणून आमचे सभासदही नोंदी हात राखून देतात. मार्ग काय?

उत्तर : 2010 चा हंगाम आठवा. वेलींची वाढ रोखायला लिहोसीन (क्लोरमेक्वाट क्लोराइड हे रसायन) बागांमध्ये सर्रास वापरलं जाई. निर्यातीपूर्व तपासणीच्या यादीत मात्र ते नव्हतं. युरोपात ते तपासलं गेलं, तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि कंटेनर अडकले. बागेत काय मारतात हे एकाला माहीत, तिकडे काय तपासतात हे दुसऱ्याला. दोन्ही याद्या कुणी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

‘पास’ या शब्दावर तुमचं भागणार नाही. काही युरोपीय सुपरमार्केट कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच अंश चालवून घेतात, शिवाय किती रसायनं सापडली हेही मोजतात. म्हणून पूर्ण रिपोर्ट मागा : प्लॉटचा नोंदणी क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख आणि मर्यादेच्या आत सापडलेलं प्रत्येक रसायन, त्याच्या प्रमाणासह. माल कोणत्या सुपरमार्केट साखळीला जाणार, तेही विचारा. त्याशिवाय पुढच्या वर्षी कोणती फवारणी गाळायची हे ठरवता येत नाही.

निर्यातदार रिपोर्ट का दडवतो? स्वच्छ रिपोर्ट हाती आला की तुम्ही दुसऱ्याकडे जाल, ही त्याची धास्ती. ती अगदीच खोटी नाही. करारात लिहा : रिपोर्ट आल्यापासून दोन दिवसांत आम्हाला प्रत, आणि त्या प्लॉटच्या मालावर ठरावीक दिवस पहिला हक्क त्याचा.

आता तुमची बाजू. चुकीची फवारणी कबूल केली की भाव कापला जात असेल, तर डायरी नमुन्याच्या आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाणार. म्हणून करारात हेही ठरवा : नमुन्याआधी सांगितलेल्या चुकीला कपात नाही. काढणी पुढे ढकलायची किंवा माल स्थानिक बाजाराला, नाहीतर बेदाण्याला वळवायचा. लपवलेलं रिपोर्टमध्ये निघालं तर फेरतपासणीचा खर्च बागायतदाराचा. नोंदीत नुसतं ब्रँडचं नाव नको. रसायनाचं नाव, लिटरला मात्रा, एकूण पाणी आणि लेबलचा फोटो हवा. एकाच बाटलीत कधी कधी दोन रसायनं असतात. बिनलेबलच्या ‘टॉनिक’मध्ये काय असतं, ते तर विकणाऱ्यालाच ठाऊक!

बोलणी मात्र फळछाटणीच्या, म्हणजे हंगाम सुरू करणाऱ्या छाटणीच्या, आधी उरका. माल तोडायला आल्यावर करारात एक ओळही वाढवून मिळत नाही.