यादी इच्छेच्या क्रमाने लाव

अगं,

पीजी मेडिकल प्रवेशासाठी भरलेली तुझी चॉइस लिस्ट बघितली आणि डोकंच फिरलं. सर्जरी हवी म्हणतेस, आणि पहिल्या सात ओळी पॅथॉलॉजीच्या? 'न मिळणाऱ्या जागा वर टाकून चॉइस कशाला वाया घालवू' हे तुला सांगितलं कोणी?

यादी इच्छेच्या क्रमाने लाव. संगणक नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या रँकप्रमाणे एकेकाकडे येतो, यादी वरून वाचत जातो आणि तुझ्या प्रवर्गात शिल्लक असलेली पहिली जागा देऊन थांबतो. केईएम, सायन वर टाकलंस आणि नाही मिळालं, तर खालच्या ओळींचं काही बिघडत नाही. पॅथॉलॉजी वर असली आणि लागली, तर खालची सर्जरी तो वाचणारच नाही.

खरा धोका अपग्रेडमध्ये, म्हणजे मिळालेली जागा बदलून घेण्यात. दुसऱ्या फेरीत नवी जागा लागली की हातातली आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून त्या फेरीत हातातल्यापेक्षा खरोखर जास्त हवी असलेलीच जागा टाक. डीम्ड म्हणजे अभिमत विद्यापीठाची ओळ फी वाचल्याशिवाय नको. आणि सरकारी जागांपैकी ५० टक्के केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी), बाकीच्या राज्याच्या सीईटी सेलकडे. नोंदणी दोन्हीकडे वेगळी, यादीही वेगळी.

क्रम ठरवायचा कटिंगवर, म्हणजे स्वतःच्या हाताने किती ऑपरेशन्स करायला मिळतात त्यावर, कॉलेजच्या नावावर नाही. विभागप्रमुखांना विचारू नको, थर्ड इयरच्या रेसिडेंटला फोन कर. रात्री दोनला परफोरेशन, म्हणजे आतडं फुटलेला पेशंट, आलं तर पोट कोण उघडतं? हायड्रोसिल, हर्नियाची ऑपरेशन्स पहिल्या वर्षात हातात येतात का? युनिटची इमर्जन्सी आठवड्यातून किती दिवस? गॅस्ट्रो सर्जरी वेगळी असेल तर गॉलब्लॅडर कोणाकडे जातात? मोठ्या नावाच्या ठिकाणी दुसऱ्याच्या ऑपरेशनमध्ये रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरण्यातच वर्षं जाऊ शकतात. डीएनबीला, म्हणजे नॅशनल बोर्डाच्या पीजीला, नाक मुरडू नको, फक्त खाजगी पेशंटवर रेसिडेंटला कितपत हात लावू देतात ते विचार.

मामा म्हणतात मुलींना सर्जरी झेपत नाही. फॉर्ममध्ये मामांचा रकाना नाही. इच्छेच्या क्रमाने म्हणजे तुझ्या.

हट्टी म्हणशील मला. म्हण. 'सेफ खेळा' असं मीही बऱ्याच जणांना सांगितलंय, म्हणूनच आता आवाज चढतो.

आज रात्रीच यादी बदल, सर्जरी वर घे. मुदत संपली की सेव्ह असेल तशीच ती लॉक होते, अर्धवट असली तरी. लॉक करण्याआधी मला फोटो पाठव. पॅथॉलॉजी वर दिसली तर फोन येईल.